पॅड बदलले तरी आवाज परत येतो? ब्रेक आणि स्टिअरिंगचे आवाज कसे शोधायचे

माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातली किर्र आठ महिन्यांत तीनदा परत आली. दोनदा गॅरेजमध्ये ब्रेक पॅड बदलून घेतले. दोन्ही वेळा दीड-दोन महिने शांतता आणि मग पुन्हा तेच. तिसऱ्यांदा चाक स्वतः काढलं, तेव्हा आतला पॅड जवळजवळ संपलेला दिसला आणि बाहेरचा अर्ध्याहून जास्त शिल्लक होता. दोष पॅडचा नव्हताच. चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर, म्हणजे डिस्कवर, पॅड दाबणारा कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यातली खालची पिन गंजून जाम झाली होती. दोन्ही वेळा नवे पॅड बसवताना ती कोणी बाहेर काढून पाहिली नव्हती.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. आवाज आला की कोणता भाग गेला याचा अंदाज बांधायचा नाही, आधी तो नेमका कधी येतो ते लिहून काढायचं. एकाची खरखर ती दुसऱ्याची घरघर असते, त्यामुळे आवाजाच्या वर्णनावर फार विसंबता येत नाही. पण ब्रेकवर पाय असतानाच येतो की एरवीही, वळताना येतो की सरळ जातानाही, हे सगळ्यांना सारखंच कळतं. वारंवार परतणाऱ्या आवाजाचा माग याच टिपणातून लागतो.

आधी हे पाहा. यातलं काही असेल तर गाडी चालवू नका

ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खर्र येत असेल, पेडल नेहमीपेक्षा खाली जात असेल किंवा मऊ लागत असेल, चाकाजवळ धूर किंवा जळका वास असेल, स्टिअरिंग मध्येच अडकत असेल किंवा एकाएकी सैल झालं असेल, तर शोधाशोध नंतर करा. गाडी उचलून गॅरेजला न्या. नुकतंच चाक काढून बसवलं असेल आणि खडखड सुरू झाली असेल, तर बाजूला थांबून सगळ्यात आधी चाकाचे नट तपासा. सैल नटांमुळे येणारा आवाज ब्रेकचा वाटतो, आणि त्याकडे दुर्लक्ष केलं तर चाक निखळतं.

आवाज पकडायचा कसा

रेडिओ आणि एसी बंद, काचा खाली, रस्ता मोकळा आणि शांत. शेजारी लांब भिंत असेल तर तिच्या कडेने हळू जा. चाकांचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि गाडीत बसून कधी न ऐकलेलं ऐकू येतं. मग दिशा बदलून दुसरी बाजू भिंतीकडे करा.

चालवताना या चार गोष्टी नोंदवा. पहिली, गाडी उभी असताना नुसतं स्टिअरिंग फिरवल्यावर किंवा नुसता ब्रेक दाबल्यावर आवाज येतो का? दुसरी, वेग वाढला की आवाजाची लय वाढते का? न्यूट्रलमध्ये गाडी घरंगळत असताना लय तशीच राहिली तर आवाज चाकांकडचा आहे, इंजिनाकडचा नाही. तिसरी, आवाज चालू असताना पेडलला अगदी हलका पाय लावला, गाडी हळू होणार नाही इतपतच, तर तो थांबतो, वाढतो की तसाच राहतो? चौथी, हलकं डावीकडे आणि मग उजवीकडे वळल्यावर काय बदलतं?

यातली तिसरी नोंद सर्वांत मोलाची. हलका पाय लावल्यावर पॅड डिस्कला टेकतात आणि त्यांचा सैलपणा संपतो. तेवढ्याने खडखड थांबली तर ती पॅडची किंवा कॅलिपरची. पाय लावूनही खड्ड्यांवर तशीच वाजत राहिली तर सस्पेन्शनकडे वळा. या एका चाचणीने अर्धा गोंधळ मिटतो.

पाय लावला की थांबणारी किर्र

ही लोकांना सर्वांत जास्त फसवते. गाडी चालताना बारीक, तीक्ष्ण किर्र ऐकू येते आणि ब्रेकवर पाय ठेवला की बंद होते किंवा बदलते. साहजिकच वाटतं, ब्रेक लावल्यावर तर आवाज जातो, म्हणजे ब्रेक चांगले आहेत. प्रत्यक्षात बऱ्याच पॅडना एक पातळ पोलादी पट्टी मुद्दाम लावलेली असते. पॅडचं घर्षणाचं अस्तर साधारण २ ते ३ मिलिमीटर उरलं की ती डिस्कला टेकते आणि वाजू लागते. नव्या पॅडचं अस्तर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतं. मोजताना मागची लोखंडी पाटी धरू नका, फक्त अस्तर मोजा. ही पट्टी वाजत असेल तर काही दिवसांतच पॅड बदला. पट्टी सगळ्या पॅडना नसते, म्हणून किर्र आली नाही याचा अर्थ पॅड शिल्लक आहेत असा घेऊ नका.

ब्रेक ऑइलची पातळी हळूहळू खाली आली असेल तर तोही पॅड झिजल्याचा इशारा असू शकतो. पॅड जसे झिजतात तसा त्यांना ढकलणारा कॅलिपरमधला पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्यामागे जास्त ऑइल राहतं. अशा वेळी पॅड न पाहता नुसतं ऑइल भरू नका. नवे पॅड बसवताना पिस्टन आत ढकलला की तेच ऑइल टाकीतून बाहेर सांडतं आणि रंग खराब करतं. पॅड जाड असूनही पातळी उतरली असेल, तर मात्र गळती शोधायलाच हवी.

हलका ब्रेक लावताना ओरडणारे, पण न झिजलेले पॅड

पॅड जाड आहेत, डिस्क गुळगुळीत आहे, तरी सिग्नलजवळ थांबता थांबता चीं आवाज येतो. हा पॅडच्या कंपनाचा आवाज. गाडी रात्रभर दमट हवेत उभी असेल तर पहिल्या दोन-चार ब्रेकना येणारी खरखर आणि किर्र डिस्कवरच्या ताज्या गंजाची असते. ती घासून निघते आणि आवाज जातो. तो प्रश्नच नाही. दिवसभर येत राहणारा आवाज मात्र उघडून पाहावा लागतो, आणि वारंवार परत येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक इथेच सापडतात.

नवे पॅड टाकून आवाज परत येतो, कारण पॅड हा त्या सगळ्या यंत्रणेतला फक्त एक भाग असतो. चाक उघडल्यावर मी या क्रमाने पाहतो.

आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी धरा. दोन्ही सारखे झिजले असतील तर कॅलिपर नीट सरकतो आहे. आतला जास्त झिजला असेल तर संशय पिनांवर. एकाच पॅडचं वरचं टोक पातळ आणि खालचं जाड असेल, तर पॅड खाचेत तिरका अडकतो आहे.

मग दोन्ही पिना पूर्ण बाहेर काढा. हाताने ढकलल्यावर कॅलिपर हलतो आहे, एवढ्यावर समाधान मानू नका. जुनं ग्रीस पुसून काढा आणि पिनेवर गंजाचे खड्डे दिसले तर ती बदला. पुष्कळ गाड्यांत दोनपैकी एका पिनेच्या टोकाला रबरी बाही असते आणि तिची जागा ठरलेली असते. पिना वर-खाली अदलाबदल झाल्या तर काही दिवसांत त्या पुन्हा अडकतात.

आता ग्रीस. माझ्या मते सर्वांत जास्त चुका इथे होतात. पिनांना नेहमीचं पिवळं किंवा काळं ग्रीस लावतात आणि ते आधी छान सरकतं. पण ब्रेकमधलं रबर खनिज तेलाच्या संपर्कात फुगतं. काही आठवड्यांत रबरी बाही फुगून पिनेला घट्ट धरते आणि आवाज परत येतो. ब्रेकसाठीच बनवलेलं सिलिकोन किंवा सिंथेटिक ग्रीसच हवं. तेही थोडंच, कारण भोकात जास्त भरलं तर आत हवा कोंडून पिन बाहेर ढकलली जाते. पॅडचे कान (दोन्ही टोकांचे बाहेर आलेले भाग) आणि मागची पाटी जिथे टेकते तिथे पातळ थर द्या. अस्तराला आणि डिस्कला ग्रीसचा ठिपकाही लागता कामा नये. ग्रीस मुरलेलं अस्तर टाकूनच द्यावं लागतं.

पॅडचे कान ज्या स्टीलच्या क्लिपांमध्ये बसतात त्याही उचलून पाहा. क्लिपेखाली गंज चढला की ती वर उचलली जाते, जागा अरुंद होते आणि नवा पॅड घट्ट बसतो. मग तो ब्रेक सोडल्यावर मागे येत नाही, तापतो आणि त्याचं अस्तर काचेसारखं चकचकीत होतं. असा चकाकणारा पॅड ओरडतोच. पॉलिशपेपरने घासून आवाज थोडे दिवस जातो, पण खालचा गंज तारेच्या ब्रशने खरवडला नाही तर तोच प्रकार पुन्हा होतो. माझ्या गाडीत पिन बदलल्यावरही थोडी कुरकुर उरली होती, ती या क्लिपांखालचा गंज काढल्यावर गेली.

डिस्कच्या कडेला बोटाने चाचपडा, अर्थात ती पूर्ण थंड असताना. न घासलेल्या कडेला गंजाची उंच ओळ तयार झाली असेल तर नव्या पॅडची कड तिला लागते. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. त्याहून पातळ झाली असेल तर ती बदलायची, आणि दोन्ही बाजूंची एकत्र.

काम करताना कॅलिपर ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. ब्रेकची धूळ हवेने उडवू नका. जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा आणि तोंडाला मास्क बांधा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कधीही काम करू नका. जॅक स्टँड लावा आणि जमिनीवर असलेल्या चाकांना अडण द्या.

चाक तापतं, पण पिना मोकळ्या आहेत

दहा-पंधरा मिनिटं ब्रेक फार न वापरता गाडी चालवा आणि थांबल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात न्या. डिस्कला हात लावू नका, नुसती झळ घ्या. एक चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही. पिना मोकळ्या असतील तर दोष पिस्टनचा किंवा रबरी नळीचा. जुनी नळी आतून फुगते, दाब जाऊ देते पण परत येऊ देत नाही. ओळखण्यासाठी चाक जाम असताना कॅलिपरचं ब्लीड निपल (हवा काढायची छोटी तोटी) किंचित उघडा. चाक मोकळं झालं तर दाब अडकलेला होता, म्हणजे नळी किंवा त्याच्या मागचं काही. तरीही जाम राहिलं तर पिस्टन. निपल उघडलं की हवा आत जाऊ शकते, तेव्हा ही चाचणी ब्रेकची हवा काढण्याचा सराव असलेल्यानेच करावी.

थरथर, खडे आणि काही बिनधोक आवाज

वेगात ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुधा पुढच्या डिस्क, आणि थरथर सीटमध्ये जाणवत असेल तर मागचे ब्रेक. याला सगळे डिस्क वाकली म्हणतात. पण बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. डिस्क ज्या हबवर बसते तिथे गंजाची पापडी राहिली तर नवी डिस्कसुद्धा किंचित तिरकी फिरते आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर परत येते. म्हणून डिस्क बदलताना हब चकचकीत घासून घ्या.

एकाएकी सुरू झालेली भयंकर करकर, विशेषतः कच्च्या रस्त्यावरून आल्यावर, पुष्कळदा डिस्क आणि मागच्या पत्र्यात अडकलेल्या खड्याची असते. थोडं मागे-पुढे केलं की खडा पडतो. नाही पडला तर पत्रा हाताने जरा मागे वाकवा.

जोरात ब्रेक दाबल्यावर पेडलमध्ये धडधड आणि खालून घरघर येणं हे एबीएसचं, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, काम आहे, पाय उचलू नका. गाडी सुरू करून निघाल्यावर थोड्याच अंतरात एकदाच येणारी छोटी घूं हीसुद्धा बऱ्याच गाड्यांत एबीएसची स्वतःची तपासणी असते. पेडल दाबताना क्षणभर येणारा सूं आवाज बूस्टरमधल्या (पेडलला जोर देणाऱ्या डब्यातल्या) हवेचा. तो सतत येत असेल आणि पेडल जड झालं असेल तर बूस्टर किंवा त्याची नळी तपासा.

मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम असतील तर साचलेली धूळ हे आवाजाचं पहिलं कारण. ड्रम काढून साफ करा, शू (ड्रममधले पॅडसारखे भाग) आणि स्प्रिंगा पाहा, चाकाच्या सिलिंडरमधून ऑइल झिरपत नाही ना ते बघा.

ब्रेक लावताना येणारी, पण ब्रेकची नसलेली खट

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे ब्रेक आणि स्टिअरिंगच्या तक्रारी एकमेकांत मिसळतात. थांबताना खालून एक जड खट येते. मागे घेऊन पुन्हा थांबलं की तीच खट परत येते. पॅड बदलतात, क्लिपा बदलतात, खट जात नाही.

ब्रेक लागल्यावर चाक मागच्या बाजूला ओढलं जातं आणि तो सगळा जोर लोअर आर्मच्या (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशवर येतो. बुश फाटलं असेल तर आर्म पुढे-मागे सरकतो आणि खट वाजते. मोकळ्या सपाट जागी ताशी ५-१० किलोमीटरने पुढे जाऊन ब्रेक लावा, मग मागे घेऊन लावा. दुसऱ्या माणसाला बाजूला, गाडीच्या वाटेपासून दूर उभं करून चाकाकडे बघायला सांगा. बुश गेलं असेल तर चाक कमानीत पुढे-मागे सरकताना उघड दिसतं. सोबत गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढत असेल किंवा टायरची एकच कड झिजत असेल, तर संशय आणखी पक्का. पॅड सैल असल्याची खट याहून हलकी असते आणि दिशा बदलल्यावर पहिल्याच ब्रेकला एकदा येते. पुढे लागोपाठ ब्रेक लावले तर येत नाही.

स्टिअरिंग फिरवताना

गाडी उभी, इंजिन चालू. एकाने स्टिअरिंग हळू दोन्हीकडे फिरवायचं, दुसऱ्याने पुढच्या चाकाच्या कमानीत कान द्यायचा. स्प्रिंगवर बाहेरून बोट टेकवून ठेवा, वेटोळ्यांच्या मध्ये घालू नका. स्प्रिंग आधी पीळ घेऊन मग एकदम टण करून सुटत असेल तर स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अॅब्झॉर्बरच्या खांबाच्या) वरच्या माउंटचं बेअरिंग गेलं आहे. जुन्या दरवाजासारखी कुरकुर खालून येत असेल तर कोरडा बॉल जॉइंट (चाक वळू देणारा गोलाकार सांधा). त्याच्या जवळ बोट ठेवलं तर आवाजाबरोबर कंप जाणवतो. डॅशबोर्डखालून घासल्यासारखा आवाज येत असेल तर कॉलम जिथून इंजिनाच्या बाजूला जातो तिथली रबरी टोपी बहुधा कोरडी पडलेली असते.

स्टिअरिंगच्या चाकाच्या अगदी मागून कटकट येत असेल आणि हॉर्न कधी वाजतो, कधी नाही, किंवा एअरबॅगचा दिवा लागला असेल, तर आतली गुंडाळीची केबल तुटत आली आहे. तिला स्वतः हात लावू नका. तिथे एअरबॅग असते.

वळवून गाडी पुढे घेताना टक-टक-टक, आणि वेगाबरोबर टकटक वाढते, हा बाहेरचा सीव्ही जॉइंट (इंजिनाची ताकद वळलेल्या चाकापर्यंत नेणारा सांधा). बहुतेक वेळा वळणाच्या बाहेरच्या बाजूचा. चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं ग्रीस दिसलं तर रबरी बूट फाटलेला आहे. आवाज येण्याआधी फक्त बूट फाटलेला सापडला तर बूट आणि ग्रीस बदलून जॉइंट वाचतो. टकटक सुरू झाली की जॉइंटच बदलायचा.

हायड्रॉलिक स्टिअरिंग वळवताना कण्हत असेल तर ऑइल कमी आहे किंवा त्यात हवा गेली आहे, फेस दिसतो. झाकणावर लिहिलेलंच ऑइल भरा आणि ते कुठून गळतं ते शोधा. पूर्ण टोकाला वळवल्यावर येणारा सूं आवाज झडपेचा असतो, पण तिथे काही सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका. पंप तापतो. पूर्ण इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये ऑइलच नसतं. मोटरची बारीक घूं चालते, खडबडीत रस्त्यावर स्टिअरिंगच्या दांड्यातून येणारी खडखड चालत नाही.

छोट्या खड्ड्यांवर, कमी वेगात, एकाच बाजूने खट-खट येत असेल तर आधी लिंक रॉड (सस्पेन्शनमधली छोटी जोडकाडी) पाहा. छोटा भाग आहे आणि लवकर झिजतो, तरी त्याच्याऐवजी आख्खी स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारी यंत्रणा) बदलून घेतलेली मी पाहिली आहे. मग चाक जॅकवर उचलून डाव्या-उजव्या कडांना धरून हलवा. खेळ असेल तर टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणारा सांधा) किंवा रॅक. वर-खाली धरून हलवल्यावर खेळ असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट.

बेअरिंगची घूं वेगाबरोबर वाढते आणि ब्रेकने बदलत नाही. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकांवर जातं, तेव्हा आवाज वाढला तर बहुधा डावं बेअरिंग. खाचखळग्यांसारखे झिजलेले टायरही असाच आवाज काढतात. पुढचे-मागचे टायर अदलाबदल करा. आवाज त्यांच्याबरोबर मागे गेला तर बेअरिंगला हात लावू नका.

गॅरेजला सांगताना

'ब्रेकमधून आवाज येतो' असं सांगितलं तर पॅडच बदलले जातील. त्याऐवजी टिपण वाचून दाखवा: "डाव्या पुढच्या चाकातून, ताशी ३० च्या खाली, हलका ब्रेक लावताना, गाडी तापल्यावर, पावसात येत नाही." मेकॅनिकला शेजारी बसवून आवाज एकदा काढून दाखवा. पिना बाहेर काढल्या का, क्लिपांखाली साफ केलं का, हे स्पष्ट विचारा, आणि काढलेले जुने पॅड मागून घेऊन चारही शेजारी ठेवून पाहा. त्यांची झीज सांगते की दुखणं गेलं की नुसतं झाकलं.

काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत चार-पाचदा दाबा. पिस्टन आत ढकललेला असतो, पहिला ब्रेक रिकामाच जातो. मग मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हळूहळू वेग कमी करत काही ब्रेक लावा, पूर्ण न थांबता, म्हणजे नवे पॅड डिस्कवर बसतात. ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यावर, पुन्हा तपासा. आणि टिपण हातात घेऊन त्याच रस्त्यावर, त्याच वेगात, तितकीच गाडी तापवून तोच ब्रेक लावून पाहा.